वाळत कुठे घालायचं?

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या मागे 7 फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी एक जागा आहे. बिल्डरच्या नकाशात तिचं नाव 'ड्राय बाल्कनी'. घरातली कायम ओली असणारी जागा ती एवढीच. तिथे भांडी घासली जातात, भरलेला सिलिंडर आणि कांद्याची टोपली असते, आणि कोपऱ्यात थर्माकोलचं मखर. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून ते मखर वापरता येत नाही आणि एवढं कोरलंय म्हणून टाकवतही नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या वॉशिंग मशीनने मान टाकली. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेली भाची जेवायला आली होती. बाल्कनीत डोकावून ती म्हणाली, "काका, आपण इथे लॉन्ड्री रूम करू या."

रूम! ज्या जागेत दोन माणसं उभी राहिली तर एकाला श्वास आत घ्यावा लागतो, तिला रूम म्हणायला तिसऱ्या वर्षाचाच आत्मविश्वास लागतो.

चार दिवसांनी तिने लॅपटॉपवर चित्र दाखवलं. पांढरंशुभ्र मशीन, त्याच्यावर थेट छतापर्यंत कपाटं, टोपलीत गुंडाळलेले टॉवेल, कुंडीत एक झाड. कांदे नव्हते. बायको तिथल्या तिथे विरघळली. आईने चष्मा वरखाली करून चित्र पाहिलं आणि विचारलं, "वाळत कुठे घालायचं?"

"आजी, ते बघू नंतर."

मग मापं सुरू झाली. फ्रंट लोड मशीन 60 सेंटिमीटर रुंद, 85 उंच, खोलीला जवळपास 60. मागे पाइपसाठी आठ-दहा सोडायचे. म्हणजे ते आडवं ठेवलं तर समोर जेमतेम एक फूट उरतो आणि मशीनचं गोल दार भिंतीवर आपटतं. मी प्रात्यक्षिक करून पाहिलं. खुर्चीला मशीन मानून समोर वाकलो, तर माझी पाठ मागच्या खिडकीतून सोसायटीला दिसायला लागली. शेवटी मशीन टोकाला, तोंड लांबीकडे, असं ठरलं. सांडपाण्याची जाळी अर्थातच दुसऱ्या टोकाला.

इलेक्ट्रिशियनने तिथला प्लग पाहून कीव केली. "साहेब, हा मोबाईल चार्जिंगचा पॉइंट आहे. मशीन पाणी तापवायला लागलं की दोन हजार वॉट खेचणार. 16 अँपिअरचा घ्या, मीटरपासून वेगळी वायर ओढू." वायर हॉलमधून ओढली गेली. हॉलचा रंग नंतर काढावा लागला, तो खर्च वेगळा. सुतार म्हणाला, ओल्या जागेत साधा प्लाय फुगतो, 710 वाला मरीन घ्या. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मी दोन शनिवार घालवले. प्लायच्या कडेचे थर मोजून मान डोलवायची, एवढं मी तिथे शिकलो. काय मोजतोय ते मला कळत नव्हतं; दुकानदाराला ते कळत होतं.

कपाटं छतापर्यंत जायची म्हणून सुताराने छताची कप्पी, तिच्या सहा नळ्या आणि दोऱ्या उतरवून खाली ठेवल्या. दुपारी त्या भंगारवाल्याकडे गेल्या. आई तेव्हा वामकुक्षी घेत होती.

मशीन आलं तो दिवस मी विसरणार नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वजन पासष्टएक किलो. बाल्कनीच्या दाराची वाट बरोबर 60 सेंटिमीटर, मशीनही बरोबर 60. कागदावर ते बसत होतं. हमालांची बोटं कागदावर धरलेली नव्हती. अर्धा तास मशीन चौकटीत आणि हमाल स्वयंपाकघरात अडकून होते. शेवटी दार बिजागऱ्यांतून काढलं. ते अजून बसवलेलं नाही.

जोडणीला आलेल्या मुलाने मशीनमागचे चार लांब बोल्ट काढून हातात दिले. "प्रवासात ड्रम हलू नये म्हणून असतात. जपून ठेवा, घर बदलताना लागतील." ते श्रीखंडाच्या डब्यात गेले. बाल्कनीला जाळीकडे उतार, त्यामुळे पाय फिरवून फिरवून मशीन समपातळीत आणलं. तरी पहिल्या स्पिनला ते वीतभर चालत कांद्यांच्या भेटीला गेलंच.

आणि पाणी. टाकी आमच्या डोक्यावर असल्याने पाणी धो धो येणार अशी माझी समजूत होती. प्लंबरने ती मोडीत काढली. दाब येतो उंचीने. दहा मीटर उंचीला एक बार. आमची टाकी नळापासून तीन-साडेतीन मीटर वर. तळमजल्यावरच्यांची चैन, आमच्याकडे करंगळीएवढी धार. मशीन थोडा वेळ वाट पाहायचं आणि शिट्टी वाजवून थांबायचं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचं पाणी नुसत्या उतारावर शनिवारवाड्यापर्यंत आणलं. मला ते गच्चीवरून तिसऱ्या मजल्यावर आणता येईना. शेवटी पंप घेतला, तो चित्रातल्या झाडाच्या जागी बसला. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की पंपही काही करू शकत नाही. तो फक्त गुरगुरतो.

मे महिन्यात सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. कपडे गच्चीवर तासाभरात कडकडीत. मी भाचीला फोन करून पाठ थोपटली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. कोथरूडचा पाऊस कोसळून मोकळा होत नाही, तो चार महिने नुसता झिरमिरत बसतो. पहिलं धुणं निघालं. बादली हातात धरून बायको लॉन्ड्री रूममध्ये उभी राहिली आणि तिने वर पाहिलं. वर कपाट होतं. मरीन प्लायचं.

आई सोफ्यावरून काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

सहावारी साडी म्हणजे साडेपाच मीटर. दुमडून टाकली तरी पावणेतीन. अख्खी बाल्कनी सव्वादोनची नाही. मग हॉलमध्ये खिडकीच्या गजापासून बेडरूमच्या कडीपर्यंत दोरी आली. खुर्च्यांच्या पाठीवर बनियन, टीव्हीच्या कोपऱ्यावर मोजे, पंखा चोवीस तास पाचावर. तिसऱ्या दिवशी घरभर तो कुबट वास, ज्याला अत्तराने आणखी धीर येतो. कपाटं मात्र ठणठणीत कोरडी. त्यात मखर ठेवलंय.

परवा शेजारचे काका 'लॉन्ड्री रूम' पाहायला आले. मशीनचं कौतुक झालं, कपाट उघडून झालं, पंप चालू करून दाखवला. निघताना माझ्या ओल्या पायजम्याखालून वाकत ते दाराकडे सरकत होते, तेवढ्यात आईने चिमट्यांची टोपली त्यांच्या हातात दिली.

"जरा धरता का? माझा हात पोचत नाही."