करार संपला आणि संत्र्यांचा वास गेला

माळ्यावरची लोखंडी पेटी आवरताना कोडॅकच्या पिवळ्या पाकिटातले एक छायाचित्र हाती लागले. फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या एप्कॉट या डिस्नेच्या उद्यानातली, अवकाशयानासारखी पसरट दिसणारी एक इमारत त्यात आहे आणि तिच्यासमोर शर्ट खोचून, उन्हाने डोळे बारीक करून उभा असलेला मी आहे. साल १९९८, महिना ऑगस्ट. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्यासाठी घ्यायच्या यंत्राचे प्रशिक्षण संपवून परतताना हाताशी एक मोकळा दिवस उरला होता आणि सोबतचे दोघे खरेदीला गेल्यामुळे मी एकटाच तिकडे गेलो होतो. त्या इमारतीचे नाव हॉरायझन्स. मी ती पाहिली आणि पाच महिन्यांत, ९ जानेवारी १९९९ रोजी, ती कायमची बंद झाली. २००० साली पाडण्यातही आली. हे मला पुष्कळ उशिरा, इंटरनेट घरात आल्यावर कळले आणि एखाद्या ओळखीच्या माणसाची बातमी तेराव्यानंतर कळावी तसे वाटले.

कोल्हापूरच्या माणसाने अमेरिकेतल्या एका राइडबद्दल एवढे हळवे का व्हावे, असे कोणी विचारेल. माझ्याकडे त्याला यंत्रकाम करणाऱ्याचे उत्तर आहे. आत डब्यांची अखंड साखळी होती, ती कुठेही थांबत नसे. आपण सरकत्या पट्ट्यावर चालत जाऊन चालत्या डब्यातच बसायचे. आपल्याकडच्या साखर कारखान्यात गव्हाणीतून ऊस वर नेणारा कॅरियर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व समजायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच की हॉरायझन्समधले डबे वरच्या रुळाला लटकलेले होते आणि आडव्या अंगाने सरकत होते, त्यामुळे प्रत्येक प्रसंग बरोबर समोर येई. आधी जुन्या काळातल्या लोकांनी कल्पिलेला भविष्यकाळ दिसे, त्यात स्वयंपाकघराचा विचका करणारा एक यंत्रमानवही होता; मग प्रचंड गोलाकार पडद्यांवरची दृश्ये; आणि त्यानंतर वाळवंटात शेती करणारी, समुद्राखाली राहणारी, अवकाशात घर केलेली माणसे. वाळवंटातल्या शेताजवळून डबा जाताना संत्र्यांचा वास येत असे. शेवटी समोरच्या बटणांवरून परतीचा मार्ग निवडायचा, अवकाशातून, वाळवंटातून की समुद्राखालून, आणि डब्यातल्या बहुमताने जे ठरेल ते समोरच्या पडद्यावर दिसायचे. रांग जवळजवळ नव्हतीच. मी तीनदा बसलो. डब्यात एकटाच असल्यामुळे तिन्ही वेळा बहुमत माझेच होते.

त्या दिवशी एक गोष्ट खटकली होती, तिचा अर्थ मात्र नंतर लागला. कोडॅकच्या दालनावर कोडॅकचे नाव होते, पृथ्वीच्या गोलासारख्या दिसणाऱ्या स्पेसशिप अर्थवर एटी अँड टीचे होते, ऊर्जेच्या दालनावर एक्सॉनचे होते. हॉरायझन्सवर मात्र मला कोणाचेच नाव दिसले नाही. १ ऑक्टोबर १९८३ रोजी ते सुरू झाले तेव्हा जनरल इलेक्ट्रिक प्रायोजक होती. १९९३ मध्ये तिने अंग काढून घेतले. १९९४ च्या अखेरीस दालन बंद झाले आणि वर्षभराने पुन्हा उघडले, कारण शेजारची दोन दालने नव्याने बांधायला घेतली होती आणि उद्यानाच्या त्या बाजूला लोकांना दाखवायला काहीच उरले नव्हते. म्हणजे मी पाहिले ते बदली कामगार म्हणून परत बोलावलेले दालन होते. शेजाऱ्यांची कामे आटोपत आली आणि त्याची गरज संपली.

शेजारचे दालन जनरल मोटर्सचे होते. वाहतुकीचा इतिहास थट्टेच्या सुरात सांगणारे वर्ल्ड ऑफ मोशन तिथे १९८२ पासून चालू होते. बाहेर पडताना कंपनीच्या नव्या गाड्या मांडलेल्या असत. ते २ जानेवारी १९९६ रोजी बंद झाले, म्हणून मला दिसले ते फक्त बांधकामाभोवतीचे अडसर. त्या जागी होणारी टेस्ट ट्रॅक १९९७ मध्ये सुरू व्हायची होती, ती १९९९ च्या मार्चमध्ये झाली. एवढ्या मोठ्या लोकांचीही यंत्रे वेळेवर चालू होत नाहीत, याचा मला, खोटे कशाला सांगू, थोडा आनंदच झाला.

कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या या करमणुकीची मुळे एप्कॉटपेक्षा जुनी आहेत. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात वॉल्ट डिस्ने यांनी चार खेळ उभे केले: एक जनरल इलेक्ट्रिकसाठी, एक फोर्डसाठी, एक पेप्सीसाठी आणि एक इलिनॉय राज्यासाठी. पैसा प्रायोजकांचा आणि कसब डिस्नेच्या माणसांचे. त्यानंतर १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये मोन्सॅन्टो या रसायन कंपनीने दिलेल्या पैशातून सूक्ष्म विश्वाची सफर आली. महाकाय सूक्ष्मदर्शकातून जात जात आपण लहान होत बर्फाच्या कणात शिरतो, अशी तिची कल्पना होती आणि न थांबणाऱ्या, हव्या त्या दिशेला तोंड वळवणाऱ्या डब्यांची साखळी पहिल्यांदा तिथेच वापरली गेली. ती १९८५ मध्ये बंद झाली. त्याच उद्यानात मोन्सॅन्टोचे प्लॅस्टिकचे घर १९५७ पासून १९६७ पर्यंत होते आणि ते पाडायला गेले तेव्हा तोडफोडीचा लोखंडी गोळा त्याच्या भिंतींवर आपटून उसळला म्हणतात. एका दिवसाच्या कामाला दोन आठवडे लागले. हे वाचून ते घर बांधणाऱ्यांविषयी माझा आदर वाढला.

आता मुख्य आक्षेप. एक मित्र म्हणाला की या सगळ्या जाहिराती होत्या आणि जाहिरातीसाठी हळहळणे म्हणजे फाटलेल्या फलकासाठी रडणे. त्याचे निम्मे मला मान्य आहे. ऊर्जेचा इतिहास डायनासोरांपासून सांगणारे दालन एका तेल कंपनीचे असावे आणि ते चालू असतानाच, १९८९ च्या मार्चमध्ये, त्याच कंपनीच्या एक्सॉन वाल्डीझ जहाजाने अलास्काच्या समुद्रात तेल सांडावे, यातला विरोधाभास कोणाला सांगायला नको. कंपन्यांनी रंगवलेल्या उद्यामध्ये धूर नव्हता, संप नव्हता, बेकारी नव्हती. पण निम्मे मला मुळीच मान्य नाही. संत्र्यांच्या वासाने जनरल इलेक्ट्रिकचा एकही दिवा जास्त खपला नसेल. तो वास डब्यापर्यंत नेमका त्या क्षणी पोचवण्यासाठी कोणीतरी पंख्याचा वेग, वळणाचा कोन आणि डब्याची गती यांचा मेळ घातला होता, आणि त्या माणसाच्या डोक्यात तेव्हा कंपनीचा ताळेबंद नसणार, एवढे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगू शकतो. पैसा कशासाठी दिला हा एक प्रश्न आणि त्या पैशातून काय घडले हा दुसरा. आपण दोन्हींची उत्तरे एकाच ओळीत लिहून मोकळे होतो.

माझी तक्रार वेगळी आहे. या वस्तूंचे आयुष्य त्यांच्या यंत्रांवर ठरले नाही, प्रेक्षकांच्या प्रेमावरही ठरले नाही, ते करारावर ठरले; आणि करार करणारी कंपनी तरी कुठे चिरंजीव असते? फ्लोरिडातल्याच मॅजिक किंगडम या डिस्नेच्या दुसऱ्या उद्यानात ईस्टर्न एअरलाइन्सची एक राइड १९७२ पासून होती. तिकिटांची पुस्तके फाडून प्रत्येक खेळात बसण्याच्या त्या काळात तिला तिकीटच लागत नसे. १९८७ मध्ये ती बंद झाली आणि १९९१ च्या जानेवारीत कंपनीचीच विमाने कायमची जमिनीवर आली. हॉरायझन्सच्या जागी आलेल्या मिशन स्पेस या खेळाचे प्रायोजकत्व कॉम्पॅक या संगणक कंपनीने जाहीर केले होते. २००३ मध्ये ते सुरू होईपर्यंत कॉम्पॅक एचपीत विलीन झाली होती. कोडॅकच्या दालनातली, ड्रीमफाइंडर नावाचा दाढीवाला कल्पक आणि त्याचा फिगमेंट नावाचा जांभळा ड्रॅगन असलेली मूळ राइड मी पाहिल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, बंद झाली. बदललेल्या खेळात फिगमेंट नावापुरताच उरला, लोकांनी इतकी नाराजी दाखवली की २००२ मध्ये त्याला परत आणावे लागले; ड्रीमफाइंडर मात्र त्या राइडमध्ये परतला नाही. कोडॅकने २०१० मध्ये प्रायोजकत्व सोडले आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. माझ्या खिशात त्या दिवशी कोडॅकचाच ३६ छायाचित्रांचा रोल होता. अंधारात फ्लॅश वापरायला मनाई असल्यामुळे आतले एकही चित्र माझ्याकडे नाही. काही चाहत्यांनी मात्र बंद होण्यापूर्वी चालत्या डब्यातून उतरून, आत हिंडून सगळे टिपून ठेवले. यंत्रावर काम करणारा म्हणून मी या वागण्याचा निषेधच करीन. त्यांची चित्रे मी रात्री उशिरापर्यंत पाहिली, हेही खरे.

आपल्याकडे गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये आले, तेव्हा उद्यानाच्या नावातच उद्योगसमूह होता. कोल्हापूरच्या शाळांच्या सहली रात्रभर एसटीने जाऊन, पुढे बोटीने खाडी ओलांडून तिथे पोचत. तेही २०२२ मध्ये बंद झाले. त्यावर माझी मुलगी जास्त अधिकाराने लिहील.

मला जवळचे वाटते ते राजारामपुरीतल्या गणपतीच्या तांत्रिक देखाव्यांचे उदाहरण. चौकात स्वागत कमान, कमानीवर प्रायोजकाचे नाव आणि आत वायपरच्या मोटरीवर मान हलवणारे पुतळे, हे एप्कॉटचेच गणित आहे, फक्त मुदत दहा वर्षांऐवजी दहा दिवसांची. आपल्याला ती मुदत आधीच ठाऊक असते, म्हणून मंडप उतरताना आपण रडत नाही. अमेरिकन माणसाला मात्र सिमेंटची इमारत दाखवून ती कायमची आहे असे वाटायला लावले, आणि मला हेच फसवणुकीचे वाटते, जाहिरात नव्हे.

परत आल्यावर १९९९ च्या गणपतीला मी एका मंडळासाठी गुऱ्हाळाचा देखावा केला. धुराड्यातून धूर, फिरता घाणा आणि काहिलीत फावडे ढवळणारा गुळव्या. पडद्यामागे शेगडीवर खरी काकवी उकळत ठेवली आणि टेबल पंख्याने तिचा वास रांगेवर सोडला. संत्र्यांची उसनवारी मी अशी फेडली. तिसऱ्या रात्री पन्हाळ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ रांगेत थांबले, नाकाने दोनदा वास घेतला आणि मला म्हणाले, "पावनं, काहिल खाली लागलीया बघा." आत जाऊन पाहिले तर काकवी खरोखरच करपत होती.

पुढच्या वर्षी प्रायोजक दुसऱ्या, मोठ्या आवाजाच्या मंडळाकडे गेले आणि आमचा देखावा झाला नाही. धुराड्याचा पत्रा भंगारात गेला. गुळव्याचा उजवा हात कारखान्यातल्या मांडणीवर अजून आहे. त्यातली वायपरची मोटर काढून दुसरीकडे लावली, त्यामुळे तो आता ढवळत नाही.