‘वस्तीत पतसंस्था नकोच’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पतसंस्था आज ना उद्या बुडतेच. तिथल्या ठेवीला विमा नाही. जनधन खातं आणि मोबाइलवरचं कर्ज असताना दिघा, तुर्भे स्टोअर, लोकमान्यनगर, मुंब्रा, दिवा इथे पतसंस्थेच्या शाखा कशाला हव्यात? आणि तिथली माणसं कर्ज फेडत नाहीत, म्हणून तर कुणी शाखा काढत नाही.

विम्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरा आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत रक्कम देतं. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. नागरी सहकारी बँका या विम्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. काउंटरवर कुणी ‘आपल्याकडेही तसंच आहे’ म्हणालं, तर पायरीवरूनच परत फिरावं. नावात ‘बँक’ लावणाऱ्या पतसंस्थेबाबतही तेच. तो शब्द वापरायचा अधिकार पतसंस्थेला नाही, आणि रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये तसा जाहीर इशाराही दिला आहे.

पण यावरून ‘पतसंस्था नको’ असं ठरत नाही, तिथे काय ठेवायचं आणि काय नाही, ते ठरतं. ग्रॅच्युइटी, गावची जमीन विकून आलेला पैसा, म्हातारपणाची पुंजी अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत नेऊ नये. रोजची पिग्मी (एजंट दारात येऊन गोळा करतो ती छोटी ठेव), कर्जापुरते भाग (शेअर) आणि वर्षभरात लागणारी रक्कम, बस. वस्तीतल्या माणसाला पतसंस्था लागते ती मुख्यतः कर्जासाठी. फिरणारा मजकूर लिहिणाऱ्याने सगळा विचार ठेवीदाराच्या खुर्चीत बसून केला आहे.

आता ‘बुडतेच’. बुडतात, आणि बहुतेकदा ठरावीक तऱ्हेनेच बुडतात. संचालकांच्या नातलगांना आणि एखाद्या बिल्डरला मोठी कर्जं जातात. वर्षभराच्या ठेवी पाच वर्षांच्या कर्जात अडकतात. हप्ते थांबले की मार्च अखेरीला नवं-जुनं होतं : जुनं कर्ज व्याजासकट नव्या कर्जात भरून घ्यायचं, म्हणजे कागदावर थकबाकी शून्य. मग एखादी अफवा उठते, ठेवीदार रांगेत उभे राहतात आणि तिजोरीत रोकड नसते.

हे आधी दिसतं का? बरंचसं दिसतं. सहकार कायद्यानुसार वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि संचालक व त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचा, त्यातल्या थकबाकीचा तपशील सभेपुढे मांडावा लागतो. वार्षिक अहवाल हातात आला की अध्यक्षांचं मनोगत सोडून पुढे जा आणि तो तपशील शोधा. मग लेखापरीक्षकाने संस्थेला दिलेला वर्ग बघा. अ आणि ब ठीक, क असेल तर प्रश्न विचारा, ड असेल तर विचारायचंही काही उरत नाही. त्यानंतर ताळेबंदातलं ‘येणे व्याज’, म्हणजे हिशेबात धरलेलं पण अजून वसूल न झालेलं व्याज, गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा. नफा १० लाख दाखवला आहे, येणे व्याज १२ लाखांनी वाढलं आहे आणि त्यापोटी तरतूद केलेली नाही, तर तो नफा अजून गल्ल्यात आलेला नाही. अहवाल द्यायला टाळाटाळ करणाऱ्या संस्थेबद्दल वेगळं काही शोधायची गरज नसते.

वस्तीत एक खोट वारंवार आढळते. ५०-१०० रुपये घेऊन माणसाला ‘नाममात्र सभासद’ करतात आणि ठेव घेतात. नाममात्र सभासदाला मत नाही, लाभांश नाही. अशा सभासदांकडून ठेवी घेणं म्हणजे बँकिंगचा धंदा करणं, असं रिझर्व्ह बँकेने त्याच इशाऱ्यात म्हटलं आहे. तेव्हा पावतीवर थांबू नका, पूर्ण सभासद असल्याचा भागदाखला मागा.

पिग्मीतली गळती त्याहून साधी. एजंट शंभर घेतो, कार्डावर शंभर लिहितो आणि कार्यालयात साठ भरतो. उरलेले चाळीस पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या पैशातून भरले जातात, आणि ही टोपी फिरवणं वर्षभर चालतं. उपाय माहीत नाही असं नाही, कंटाळा येतो म्हणून होत नाही. प्रत्येक भरण्याचा एसएमएस खातेदाराच्या नंबरवर जायला हवा. एजंटनेच स्वतःचा नंबर नोंदवला नाही ना, हेही तपासायला हवं. दर महिन्याला शंभरातली पाच कार्डं एजंट सोडून दुसऱ्या कर्मचाऱ्याने खातेवहीशी ताडावीत. सहा महिन्यांनी एजंटच्या फिरण्याच्या गल्ल्या बदलाव्यात. गल्ल्या बदलायला जो एजंट सर्वांत जोरात विरोध करतो, त्याची कार्डं सर्वांत आधी बघावीत.

‘जनधन आहे ना.’ आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्यावरचा ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसताना उचलता येणारी रक्कम) जास्तीत जास्त १० हजारांचा, तोही खातं सहा महिने नीट चालवल्यावर. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही कर्ज योजना आहे, पण घरकाम करणारी बाई किंवा नाक्यावरचा गवंडी त्यात बसत नाही. मोबाइलवरच्या कर्जाबद्दल एवढंच : नियमानुसार कर्ज देणाऱ्याने वार्षिक दर सांगणारं पत्रक आधी द्यावं लागतं आणि रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जावी लागते. यातलं एक जरी नसलं तरी ते ॲप काढून टाका.

खरी तुलना वस्तीतल्या दहा टक्केवाल्या सावकाराशी करायला हवी. ५० हजार, दरमहा शेकडा १० ने. वर्षभरात ६० हजार व्याज जातं आणि मुद्दल जिथल्या तिथे. तेच ५० हजार पतसंस्थेकडून १५ टक्के दराने, घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच व्याज), १२ हप्त्यांत घेतले तर हप्ता ४,५१३ रुपये आणि वर्षाचं व्याज साधारण ४,१५५. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर दिवसाला १७४ रुपये, आणि ते पिग्मीवाल्याकडेच जमा होतात. मात्र ‘घटत्या शिलकीवर’ हे शब्द मंजुरीपत्रात हवेत. सरसकट पद्धतीने, म्हणजे वर्षभर पूर्ण ५० हजारांवर, तेच १५ टक्के लावले तर व्याज ७,५०० होतं आणि खरा दर साडेसव्वीस टक्क्यांच्या पुढे जातो. भागांपोटी कर्जातून किती रक्कम कापणार, तेही आधी विचारा. ५ टक्के म्हटलं तर २,५०० हातात येत नाहीत. संस्था सोडताना भागांची रक्कम परत मागता येते, तिचा दाखला जपून ठेवा.

पतसंस्थेचा एक तोटाही सांगायला हवा. तिथली वेळेवर केलेली परतफेड बहुतेकदा सिबिलच्या, म्हणजे बँका कर्ज देण्याआधी बघतात त्या, नोंदीत उमटत नाही. म्हणून कर्ज फिटलं की बेबाकी दाखला (काही देणं उरलं नसल्याचा) आणि खातेउतारा दोन्ही शिक्क्यासह घ्या. पुढे बँकेत दाखवायला तेवढंच असतं.

शेवटचा आरोप, माणसं फेडत नाहीत म्हणून शाखा निघत नाहीत. शाखा का निघत नाही, ते साध्या हिशेबात दिसतं. समजा ४०० माणसं रोज सरासरी ५० रुपये भरतात. २५ दिवसांचे महिन्याला ५ लाख. एजंटचं ३ टक्के कमिशन १५ हजार, कारकून २० हजार, गाळ्याचं भाडं १२ हजार, वीज-संगणक ५ हजार : महिना ५२ हजार, वर्षाला ६ लाख २४ हजार. पहिल्या वर्षी सरासरी ठेव ३० लाख. त्यातले ७० टक्के १५ टक्क्यांनी कर्जाऊ दिले, बाकीचे ६ टक्क्यांनी गुंतवले आणि ठेवीदारांना ५ टक्के दिले, तर हातात २ लाख १९ हजार उरतात. म्हणजे एकही हप्ता न थकता ४ लाखांचा तोटा. शाखा स्वतःच्या पायावर उभी राहायला सरासरी ठेव ८५ लाखांवर जावी लागते. लोक मध्ये पैसे काढतातही, म्हणून त्याला तीन वर्षं सहज लागतात.

थकबाकी होतेच, पण तिची कारणं वेगळी. नाक्यावरचं काम जून ते सप्टेंबर आटतं आणि हप्ता मात्र बारमाही ठरवलेला असतो. शेजारी-शेजारी एकमेकांना जामीन राहतात. एकाची कंपनी बंद पडली की साखळी तुटते. कायद्याने वसुली जामीनदाराकडूनही होते, पण सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणला तरी दोघांचाही पगार एकाच बंद कारखान्यातला असेल तर जप्त काय करणार? ठाण्यातल्या किसननगरसारख्या क्लस्टरच्या (समूह पुनर्विकासाच्या) पट्ट्यात आणखी एक अडचण : खोल्या रिकाम्या होतात, माणसं संक्रमण शिबिरात जातात आणि नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहते. म्हणून दोनपैकी एक जामीनदार दुसऱ्या गल्लीतला आणि दुसऱ्या धंद्यातला असावा. गावचा पत्ता आणि एका नातलगाचा नंबर अर्जावरच घ्यावा. पावसाळ्यातला हप्ता आधीच अर्धा ठरवावा.

यावरून आमचं मत असं, की वस्तीत नवी संस्था काढण्यापेक्षा चालत्या, अ वर्गातल्या पतसंस्थेची शाखा आणावी. सुरुवातीला पूर्ण गाळाही नको. बचत गटाच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस टेबल लावलं तर भाड्याचे १२ हजार वाचतात. त्यासाठी तो भाग संस्थेच्या कार्यक्षेत्रात असावा लागतो. नसेल तर उपविधी (संस्थेची नियमावली) दुरुस्ती : सर्वसाधारण सभेत हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मतांनी ठराव, मग सहकार खात्याच्या निबंधकांकडे प्रस्ताव, शाखेची परवानगी वेगळी. वस्तीतल्यांनी आपली मागणी नावं, धंदे आणि रोज किती भरू शकतो त्या आकड्यांसह जुलैमध्येच संचालक मंडळाला लेखी द्यावी. उपविधी दुरुस्तीचा विषय सभेच्या नोटिशीत छापलेला असावा लागतो. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय’ यात तो घेता येत नाही, आणि एक सभा हुकली की बहुधा पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबावं लागतं.