आखाजीला ठरलेला शब्द

आमच्याकडे आखाजीला सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी, ठरतो. बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात शेतीचं नवं साल त्या दिवशी सुरू होतं. ओट्यावर बसून सालाचे पैसे, धान्य, कपडे, सुट्ट्या सगळं बोलून घेतात. कागद नसतो. नंतर कापसाला भाव चढला म्हणून सालदार मध्येच जास्त मागत नाही, आणि पाऊस दगा देऊन गेला म्हणून मालक हात आखडत नाही. मी शाळेत होतो तेव्हा एक वर्ष पीक पार गेलं. त्या वर्षी आप्पांनी आईची पोत सराफाकडे ठेवली आणि सालदाराचे राहिलेले पैसे चुकते केले. आई एक शब्द बोलली नाही. ठरलं होतं ना, मग द्यायचे.

२०२५ च्या ऑगस्टपासून माझ्या डोक्यात हीच गोष्ट फिरतेय.

कपाशी पात्या-फुलांवर होती तेव्हा केंद्र सरकारने परदेशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. १९ ऑगस्ट २०२५ ला ते निघालं, ३० सप्टेंबरपर्यंतच असं म्हणाले. दहा दिवसही गेले नाहीत तर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे आमची पहिली वेचणी, दसरा, दिवाळी, सगळा हंगाम त्यात आला. हेच शुल्क २०२१ च्या बजेटमध्ये लावलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये काढलं, काही महिन्यांनी परत लावलं, २०२५ मध्ये पुन्हा काढलं. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लादला, कापड गिरण्यांचे हाल झाले, त्यांना स्वस्त कापूस हवा होता. हे मला कळतं, गिरणी चालली तरच आमचा कापूस खपणार. पण आम्ही बियाणं घेतलं मे-जूनमध्ये. तेव्हाचे नियम पाहून वावर कापसाला दिलं. पीक उभं राहिल्यावर नियम बदलला, आता ते उपटून तर टाकता येत नाही.

सुरतला उधन्यात राहणारा माझा वर्गमित्र फोनवर म्हणाला, "तू तर खुल्या बाजारवाला. मग आयात खुली झाली तर ओरडतोस कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायलाच ही पोस्ट लिहितोय.

मला आयातीची भीती नाही. ब्राझीलचा, अमेरिकेचा कापूस खुशाल येऊ द्या. फक्त तिथल्या शेतकऱ्याला जे बियाणं मिळतं ते मलाही वापरू द्या. आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस आला, २००६ मध्ये त्याची दुसरी पिढी आली, आणि गाडी तिथेच थांबली. त्याच्या पुढच्या पिढीच्या एकाही जनुकीय वाणाला कापसात परवानगी मिळाली नाही. दरम्यान गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली, २०१७ मध्ये महाराष्ट्रभर बोंडं पोखरून काढली. नवं बियाणं का नाही आलं? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बियाण्याच्या किमती आणि तंत्रज्ञानासाठी कंपनीला द्यायची रक्कम स्वतः ठरवण्याचा आदेश काढला. पुढच्याच वर्षी तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कापसाचा अर्ज बियाणं कंपनीने मागे घेतला. पाकीट तेव्हा स्वस्त झालं, त्याचं श्रेय सरकारला देतो. पण स्वस्त पाकिटात वीस वर्षं जुनं बियाणं आहे, आणि बोंडअळीवर फवारणीचा खर्च त्या बचतीच्या कितीतरी पट आहे.

मग लोक काय करतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. "चोर बीटी" घेतात, म्हणजे परवानगी नसलेलं, तणनाशक सहन करणारं बियाणं. गुजरातकडून येतं, बिल नाही, पाकिटावर नाव आहे पण ते खरं असेलच असं नाही. आमच्या शेजारच्या काकांनी दोन वर्षांपूर्वी घेतलं. निंदणीला बाई मिळत नव्हती, मिळाली तर मजुरी परवडत नव्हती. एका वावरात झकास उगवलं, दुसऱ्यात निम्म्या सऱ्या रिकाम्या. तक्रार कुठे करणार? बिल नाही, आणि तोंड उघडलं तर गुन्हा आपल्यावरच. काका रिकाम्या सरीत उकिडवे बसून बोटाने माती उकरून बी शोधत होते. बंदीने ते बियाणं थांबलं नाही, फक्त फसवणाऱ्याला पकडायची सोय तेवढी गेली.

आणि हे आजचं नाही. आमच्या आबांच्या काळात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी होती. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारी खरेदीलाच घालायचा, दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू चांगला होता, व्यापारी लुटतो म्हणून सरकारने मध्ये यायचं. आबा बैलगाडी घेऊन केंद्रावर जायचे आणि दोन-दोन रात्री गाडीखाली झोपायचे. ग्रेडर बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढायचा आणि एका शब्दात प्रत ठरवून टाकायचा, त्यावर अपील नाही. पैसे हप्त्याने. तिकडे नवापूरच्या पलीकडे गुजरातेत भाव जास्त असला की रात्री गाड्या निघायच्या. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. प्लॅटफॉर्मवर चार पावलं चाललं की राज्य बदलतं, आणि तेवढ्या चार पावलांत कापूस विकणारा शेतकरी चोर ठरायचा. आबा अहिराणीत म्हणायचे, "माल मना, आन् इकानी परवानगी सरकारनी?" म्हणजे माल माझा, आणि विकायची परवानगी सरकारची? तीस वर्षं ही योजना चालली, तोट्यात गेली, आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला मोकळीक द्यावी लागली.

जळगावच्या सराफांना असंच काही आठवत असेल. १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले, तस्करी काही थांबली नाही. कायदा शेवटी १९९० मध्ये गेला.

आता केळी पाहा. रावेर, यावल, चोपड्यात केळीला हमीभाव नाही, सरकारी खरेदी नाही. तरी जळगावची केळी उत्तरेत सगळीकडे जाते, टिश्यूकल्चर आलं, ठिबक आलं, परदेशात कंटेनर जाऊ लागले. ठिबकला अनुदान मिळालं हे मान्य, विमाही आहे. पण काय लावायचं आणि कुठे विकायचं हे तिथे शेतकऱ्याने ठरवलं. व्यापारी काही देवमाणूस नाही. बोर्डावर एक भाव आणि कापणीला दुसरा, ही तक्रार आमच्या पाहुण्यांकडे बसलो की दर वेळी ऐकतो. तिथे सरकार खरंच हवं. काटा बरोबर आहे का, पैसे वेळेत मिळाले का, कोणी बुडवले तर दावा चार महिन्यांत निघतो का, रात्रीऐवजी दिवसा वीज मिळते का. ही कामं सरकारशिवाय कोणी करू शकत नाही आणि नेमकी हीच पडून राहतात. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, ते चांगलं झालं. पण आवाराबाहेर पैसे बुडाले तर शेतकऱ्याने कोणाचं दार ठोठवायचं?

कांद्याचं तर सगळ्यांना माहीत आहे. धुळे जिल्ह्यातला साक्री-पिंपळनेरकडचा शेतकरी ८ डिसेंबर २०२३ विसरणार नाही. ऑगस्टमध्ये आधीच ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं, त्या दिवशी निर्यातच बंद केली, ती उठली मे २०२४ मध्ये. जळगावच्या डाळ मिलवाल्यांना विचारा, तूर-हरभऱ्यावर साठा मर्यादा कधी लागते आणि कधी उठते. २०२१ मध्ये लागली, २०२३ मध्ये तुरीवर लागली, २०२४ मध्ये लागली. साठा करता येणार नसेल तर मिलवाला हंगामात माल उचलणार कशाला? तो उचलत नाही, आणि आवक भरात असताना भाव आणखी बसतो. वायद्यावरून, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यांवरून, पुढचा भाव दिसायचा, तर डिसेंबर २०२१ मध्ये या बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने हरभरा, सोयाबीन, मूग अशा सात मालांचे वायदे बंद केले आणि मग ती बंदी वर्षानुवर्षं वाढवत नेली. भाव म्हणजे शेतकऱ्यासाठी बातमी असते, पुढच्या वर्षी काय पेरायचं याची. ती बातमीच कापून टाकली.

गरिबाच्या ताटाचं काय, असं लोक विचारतात, आणि तो प्रश्न मी टाळणार नाही. माझी आत्या जळगावात भाड्याच्या खोलीत राहते, कांदा साठ रुपये झाला की तिला फरक पडतो. तिला स्वस्त द्या, जरूर द्या. रेशनवर द्या, खात्यात पैसे टाका. ते तिजोरीतून जाऊ दे, म्हणजे सगळ्या देशाने थोडं थोडं उचललं असं होईल. आज ते एकट्या साक्रीच्या शेतकऱ्याच्या खिशातून जातं, आणि बजेटमध्ये त्याची ओळसुद्धा दिसत नाही. शरद जोशींची शेतकरी संघटना "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणत होती तेव्हा मी पाळण्यात असेन. ती घोषणा मला या हंगामात खरी समजली.

बाजार पडतो हे मला मान्य आहे. २०२१-२२ ला कापूस क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी आम्हीही तेवढा मिळेल म्हणून माल घरात ठेवला. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस, आम्ही सगळे ओसरीवर, आईच्या हातापायांना खाज सुटून फोड आलेले. शेवटी मे महिन्यात पडेल भावाने दिला. त्याबद्दल मी कोणाला बोल लावला नाही. अंदाज आमचा होता, चुकला.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आयात शुल्क, निर्यात शुल्क, साठा मर्यादा, जे काही ठरवायचं ते आखाजीच्या आत ठरवा आणि पुढच्या आखाजीपर्यंत बदलू नका. शून्य टक्के ठेवायचं तर शून्य ठेवा, पण पेरणीआधी सांगा. आणि आयातीचं दार उघडत असाल तर त्याच दिवशी बियाण्याचं आणि निर्यातीचंही उघडा.

काल रात्री जेवताना आप्पांनी विचारलं, "यंदा कापूस ठेवायचा का सगळा मकाच लावायचा?" मोबाइलवर कापसाचे वायदे, हवामान, जगाचे भाव सगळं बघून झालं. दिल्लीत सप्टेंबरमध्ये काय ठरेल ते मात्र कुठेच दिसत नाही. आप्पा ताटावरून उठले, हात धुतले, आणि जाताना म्हणाले, "सालदाराला तर सांगावं लागेल ना काहीतरी."