रोमन शिपायांचा पगार मिठात होत नव्हता

रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं, म्हणून 'सॅलरी'. मीठ तेव्हा सोन्याच्या भावानं विकलं जायचं. 'सोल्जर' हा शब्दही मिठावरूनच आला. आणि या सैनिकांनीच 'सॅलरी' हा शब्द युरोपभर पोचवला. हा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. खाल्ल्या मिठाला जागणारी आपली भाषा, त्यामुळे तो चटकन पटतोही. त्यातलं खरं एवढंच की 'सॅलरी'चं मूळ असलेला लॅटिन 'सालारियुम' हा शब्द 'साल', म्हणजे मीठ, यावरून बनला.

मिठातल्या पगारासाठी साक्ष काढली जाते ती पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याची. त्याच्या ग्रंथाच्या ३१व्या भागात मानसन्मान आणि लष्करी सेवा यांच्याशी मिठाचा संबंध सांगितला आहे आणि 'सालारियुम' हे नाव त्यावरून पडल्याचं म्हटलं आहे. शिपायांना मीठ वाटत, असं तो कुठेही म्हणत नाही. मीठ विकत घेण्यासाठीचा भत्ता, हा खुलासा नंतरच्या अभ्यासकांचा तर्क आहे. शिपायाच्या पगाराला रोमन लोक 'स्टिपेंडियुम' म्हणत आणि तो नाण्यांत मोजला जाई. आजच्या इस्रायलमधल्या मसाडा या किल्ल्यात पहिल्या शतकातल्या एका शिपायाचा पगाराचा कागद सापडला आहे. त्यात जव, शिधा, बूट, चामडी पट्टे, सदरा यांचे पैसे पगारातून कापलेले दिसतात. उलट 'सालारियुम' रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लेखनात भेटतो तो प्रांताधिकाऱ्याच्या मानधनासाठी. सम्राट डोमिशियननं ते सेनापती आग्रिकोलाला दिलं नाही, असं तो नोंदवतो.

सोन्याच्या भावाचं तर बोलायलाच नको. इ.स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियननं मालाचे कमाल दर ठरवून दिले. त्या यादीत एका मापाच्या मिठाला १०० दिनार आणि तेवढ्याच गव्हालाही १००. सोन्याच्या एका रोमन पौंडाला ७२,००० दिनार!

'सोल्जर'चा मिठाशी काहीच संबंध नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट कॉन्स्टंटाइननं 'सोलिडुस' हे सोन्याचं नाणं काढलं. पुढे त्या नाण्यावरून पगार आणि पगारी लढवय्या या अर्थांचे शब्द तयार झाले: इटालियन 'सोल्दातो', जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला 'सोल्जर', स्पॅनिशमध्ये पगाराला 'सुएल्दो'.

सैनिकांनी 'सॅलरी' पसरवली, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर शब्दांच्या शेपटातच आहे. लोकांच्या तोंडून शतकानुशतकं आलेले लॅटिन शब्द घासले जातात. 'फेब्रुआरियुस'चा फ्रेंचमध्ये 'फेव्रिये' झाला, स्पॅनिशमध्ये 'फेब्रेरो', इटालियनमध्ये 'फेब्राइयो'. त्या चालीनं 'सालारियुम'चंही शेपूट झिजायला हवं होतं. पण फ्रेंच 'सालेर', स्पॅनिश आणि इटालियन 'सालारियो' यांचे शेवट लॅटिनला धरून राहिले आहेत. म्हणजे हा शब्द छावणीतून आलेला नाही. मध्ययुगातल्या कारकुनांच्या आणि कायदेपंडितांच्या लिखित लॅटिनमधून तो उचलला गेला, आणि चौदाव्या शतकात फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत गेला.

तोंडोतोंडी झिजत आलेला लॅटिन शब्द हवा असेल तर आपला 'पगार' आहे. शांत करणं, समाधान करणं या अर्थाचं लॅटिन 'पाकारे' पोर्तुगीजमध्ये 'पगार' झालं, 'क'चा 'ग' होऊन; अर्थ उरला पैसे चुकते करणं. आणि पोर्तुगीजांबरोबर तो शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला.