कारखान्यातली अक्कल आणि मालमत्ता सांभाळण्याचे खात्रीलायक उपाय

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला असा, शेंद्र्याला असा, चिकलठाण्यात असा, नाहीतर जालन्याच्या एखाद्या रोलिंग मिलमध्ये. तुम्ही प्लँट हेड, मॅनेजर किंवा नुसतेच 'साहेब' असाल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. हल्ली आढावा बैठकीत दोन विषय हटकून निघतात, नॉलेज मॅनेजमेंट आणि अॅसेट मॅनेजमेंट. मग पुण्याहून कन्सल्टंट येतो. एसीत बसून स्लाइडी दाखवतो, बूट खराब होतील म्हणून लाईन काचेतूनच बघतो आणि अंधार पडायच्या आत परत निघतो. त्याचे पैसे वाचवा. आम्ही मेंटेनन्सवाले हेच सगळं फुकटात सांगतो. वर आमच्या उपायांना अनुभवाचा आधार आहे, तोही अगदी परवाचा.

सुरुवात स्टिकरपासून करा. प्रत्येक वस्तूला बारकोडचं स्टिकर लावलं की मालमत्ता आपोआप सांभाळली जाते. मशीनवरचं स्टिकर कूलंट आणि तेलानं आठवड्यात गळून पडतं, त्याची चिंता नको. खुर्च्या, पंखे, कचऱ्याचे डबे आणि कॉन्फरन्स रूममधली मनी प्लँटची कुंडी यांच्यावर ते छान टिकतं. मशीनचं काय, तिला 'निळी', 'कोपऱ्यातली', 'बोंबलणारी' अशी नावं पोरांनी ठेवलेलीच असतात.

मग रजिस्टर. २०२० च्या कारो आदेशाप्रमाणे (कंपन्यांच्या ऑडिट अहवालात काय हवं ते सांगणारा सरकारी आदेश) ऑडिटरला लिहून द्यावं लागतं, की कंपनी आपल्या यंत्रसामग्रीची संख्या आणि जागा यांसकट पूर्ण नोंद ठेवते की नाही आणि वाजवी अंतरानं प्रत्यक्ष पडताळणी करते की नाही. घाबरू नका. मार्चअखेरीला अकाउंटमधल्या नव्या पोराला यादी देऊन शॉपवर पाठवा.

'हा कंप्रेसर कुठंय?'

'असंल की तिकडं शेडमागं.'

झाली टिक. शेडमागं गवत आहे. कंप्रेसर भंगारच्या ट्रकमधून कधीच गेला, गेटपासवर 'मिक्स स्क्रॅप' लिहून. पण रजिस्टरात तो ठणठणीत आहे. दरवर्षी त्याच्यावर घसारा निघतो, विम्याचा हप्ताही जातो.

जी मशीन खरोखर जिवंत आहे तिच्याशी उलटं वागा. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं उपयुक्त आयुष्य १५ वर्षं धरलंय. ते हिशेबापुरतं आहे हे विसरून जा. १५ वर्षं भरली, पुस्तकी किंमत ५ टक्क्यांवर आली, की तिच्या बेअरिंगचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, 'जुन्या मशीनवर खर्च कशाला?' असा शेरा मारून परत पाठवा. महिन्याचा निम्मा माल तीच काढते, पण ते लिहायला रजिस्टरात रकाना नाही.

डाय (माल घडवायचा साचा) आणि फिक्स्चर (माल धरून ठेवायची पकड) व्हेंडरकडंच राहू द्या. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल १ वर्षात आणि यंत्रं ३ वर्षांत परत आणायची अट जीएसटीत आहे. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चरना ती अट नाही. सरकारनंच मोकळीक दिल्यावर आपण नोंद ठेवणारे कोण? उद्या एखाद्या व्हेंडरच्या शेडमध्ये आपली डाय दाराला टेकण म्हणून लावलेली सापडली, तर निदान कामाला तरी आली म्हणायचं.

मापाच्या गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे ते बरोबर मोजतं का हे तपासायची, तारीख आली की स्टिकर बदला. गेजला कशाला त्रास देता?

सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत असू द्या, आणि चाकणच्या कंपनीतल्या नोकरीची ऑफरही त्यालाच येऊ द्या.

आता मुख्य विषय, ज्ञान. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम आहे. कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, ते जपा आणि ज्याला हवं त्याला मिळेल असं ठेवा, एवढंच ते म्हणतं. आपल्याकडं ही सोय आधीपासून आहे. तिला मामा म्हणतात.

मामा प्रत्येक कंपनीत असतात. आयटीआय केलेले, उभी हयात एकाच शेडमध्ये काढलेले, वरच्या खिशात टेस्टर आणि खालच्या खिशात मळकट डायरी. मशीन ट्रेलरवरून उतरली तेव्हा ते तिथं होते. कोणत्या पॅनलला पावसाळ्यात ओल धरते, कोणता लिमिट स्विच दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, मे महिन्याच्या उन्हात दुपारी कोणत्या ड्राइव्हवर पंखा लावायचा, हे सगळं त्यांना ठाऊक. आमच्या मामांनी रिटायर होताना विचारलं होतं, 'साहेब, ही डायरी कोणाकडं देऊ?' साहेबांनी एचआरकडं बोट दाखवलं. एचआरच्या नो ड्यूज फॉर्मवर ओळखपत्र, सेफ्टी शूज, लॉकरची चावी, कँटीनची कूपनं आणि सोसायटीचं कर्ज एवढे रकाने होते. डायरीचा नव्हता. सेफ्टी शूज मात्र झिजलेले निघाले, त्यावरून दोन मेल झाले. मग शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, 'मामा म्हणजे आपलं चालतंबोलतं विद्यापीठ' असं भाषण आणि समोसा. विद्यापीठ डायरी पिशवीत घालून गंगापूर तालुक्यातल्या आपल्या गावी निघून गेलं.

पुढं एका व्हीएमसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, पडद्यावर बॅटरीची खूण लुकलुकायला लागली. मशीनची वीज बंद असताना तिचे पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्रॅम ज्या मेमरीत असतात ती मेमरी एका छोट्या लिथियम सेलवर तग धरते. तो सेल मशीन चालू ठेवून बदलायचा असतो. मामांच्या डायरीत हे पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलेलं होतं, पण डायरी गंगापूरला. आम्ही सेलचा इंडेंट टाकला. स्टोअरच्या मास्टर यादीत असा आयटमच नाही. कोड उघडायला तीन सह्या. कोड उघडला तर परचेसला तीन कोटेशनं हवीत, काही शे रुपयांच्या सेलसाठी. तोवर पोरांनी त्या लुकलुकणाऱ्या खुणेवर कागद चिकटवून काम चालू ठेवलं.

सेल आला एकदाचा. आता स्टोअरचा नियम, जुना जमा करा आणि नवा न्या. अॅसेट कंट्रोल! दुसऱ्या पाळीच्या ट्रेनी पोरानं सेफ्टी ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणं आधी मेन स्विच बंद केला, जुना सेल काढला आणि स्टोअरकडं निघाला. स्टोअरकीपर जेवायला गेलेला. आला तर त्याला रिटर्न स्लिप हवी. स्लिपवर सुपरवायझरची सही हवी. सुपरवायझर पलीकडच्या शेडमध्ये. पोरगं बिचारं सगळं नियमानं करून, नवा सेल मुठीत धरून परत आलं, बसवला, मशीन चालू केली. पडद्यावर अलार्मच अलार्म. मेमरी पुसली गेलेली. नियम ज्यानं केला त्याला कोणी विचारलं नाही. मेमो कोणाला निघाला? त्या पोराला.

मग बॅकअपचा शोध. मेमरी कार्ड आधीच्या मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये, चावी त्याच्यासोबत पुण्यात. मंजुरी घेऊन ड्रॉवर फोडला, तर कार्डावर कोणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो. पॅनलच्या दारात ठेवलेली पॅरामीटरची छापील यादी उंदरांनी आधीच आत्मसात केलेली. नॉलेज पोर्टलवर त्या मशीनचं पान सापडलं, त्यावर मशीनच्या पूजेचा फोटो, नारळ फोडताना. वरिष्ठांचा कॉल झाला. पाच वेळा 'का' विचारा म्हणाले. अहो, आम्ही एकदाच विचारतो, डायरीचा रकाना का नव्हता?

शेवटी मामांना फोन. दिवाळी नुकतीच झालेली, मामा कापसात. वेचणीला बाया मिळेनात, घरचे सगळे रानात.

'मामा, गाडी पाठवतो.'

'अन् कापूस कोण येचील? तुमचा प्लँट हेड?'

तरी आला माणूस. गेटवर सिक्युरिटीनं व्हिजिटर पास दिला, पिशवी उघडायला लावली आणि 'डायरी, जुनी, १ नग' अशी नोंद केली. कंपनीच्या दप्तरात त्या डायरीची झालेली ही एकमेव नोंद. मामांनी चष्मा लावला, बोटानं ओळ धरली आणि एकेक आकडा हातानं टाकत बसले. अॅक्सिसचे झिरो लावले, कोरा जॉब चढवून पाहिला. पहाटे मशीन हलली. आता त्यांना काही द्यावं म्हणून आम्ही एचआरकडं गेलो, तर 'रिटायर एम्प्लॉयीला पेमेंट करायला खर्चाचं हेड नाही' हे उत्तर. कन्सल्टंटला हेड आहे! काचेतून लाईन बघणाऱ्याला हेड आहे, आणि रात्रभर उभं राहून लाईन चालू करणाऱ्याला कँटीनचा चहा. आम्हीच आपसात वर्गणी काढून मामांच्या हातावर ठेवली. आणि जाताना गेटवर काय? डायरी आत आणलीच होती याची खात्री पटल्याशिवाय बाहेर नेऊ देईनात.

व्हॉट्सअॅप ग्रुप हेही ज्ञानाचं मोठं भांडार आहे. ब्रेकडाऊनचा उपाय दोन 'शुभ सकाळ'च्या मधे कुठंतरी असतोच, फोन बदलेपर्यंत.

आणि पोर्टलवर माहिती भरायचं काम ज्याला दिवसातून पाणी प्यायला सवड नाही त्या लाईन सुपरवायझरलाच द्या, इंग्रजीत भरायची अट घालून.

राहिली ठेक्यावरची पोरं. बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली, वाळूजच्या रांजणगाव नाहीतर बजाजनगरमध्ये एका खोलीत पाच-सहा जण राहणारी. पत्रा दाबून घडवणारी प्रेस कशी चालते, माल कुठं अडकतो, कोणत्या आवाजाला मशीन बंद करायची, हे पोरगं सहा महिन्यांत शिकतं. मग २४० दिवस भरायच्या आत त्याला कामावरून ब्रेक द्यायचा, म्हणजे वर्षाची सलग नोकरी झाली म्हणून हक्क सांगायला नको. त्याच्या जागी सोमवारी नवं पोरगं, अर्ध्या तासाची फिल्म, एक सही, आणि प्रेसवर उभं.

याचा मात्र विनोद होत नाही, साहेब. कंपनीतलं ज्ञान वाहून जात नाहीये. तुम्ही तारीख बघून, हिशेब करून, महिन्याच्या महिन्याला ते गेटबाहेर काढताय, आणि वर बैठकीत 'आपलं नॉलेज टिकत का नाही' म्हणून विचारताय. ठेकेदाराचं बिल पास करताना तुमची सही असते ना? मग हेही तुमच्याच सहीनं होतंय.

साखळ्या, दोर, हुक वर्षातून एकदा तरी सक्षम माणसाकडून तपासून घ्या, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून लिहिलेलं आहे. तुमच्या रजिस्टरात टेबलावरच्या स्टेपलरला नंबर आहे, क्रेनला माल लटकवायच्या तारेच्या दोराला, स्लिंगला, नाही. तिच्या तारा सुटलेल्या आहेत, जवळ जाऊन बोट फिरवा, टोचतील. तिच्याखालून रोज माणसं जातात. आधी तिला नंबर द्या, तपासून घ्या, बाद असेल तर तिथंच कापून टाका. नुसती बाजूला ठेवू नका, रात्रपाळीत पुन्हा लागते. मामांसारखे अजून तीन-चार जण या वर्षी निघतायत. त्यांच्यासोबत एकेक पोरगं आजपासून जोडा, लिहून घ्या, मराठीत लिहून घ्या, आणि त्या कामाचे पैसे द्या. यातल्या कशालाही सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि एक. टोकाच्या प्रेसला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही, म्हणजे ती खाली येत नाही, अशी सोय करून दिलेली आहे, पोराचे हात डायमध्ये राहू नयेत म्हणून. उत्पादन वाढावं म्हणून त्यातलं डावं बटण कोणीतरी टेपनं दाबून बसवलंय. जुन्या पोराला ते माहीत होतं, तो हात सांभाळून काम करायचा. त्याला तुम्ही गेल्या आठवड्यात ब्रेक दिलात. नव्याला कोणी सांगितलंय? उद्या काही झालं की फॉर्मवर कारण तयार आहे, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. लाज वाटू द्या जरा. मीटिंग राहू द्या, उठा, लाईनवर जा, ती प्रेस बंद करायला लावा आणि टेप स्वतःच्या हातानं काढा.