फ्लेक्सवरच्या वहिनी

"सोडतच मॅनेज होती," नाना कट्ट्यावर टेकायच्या आधीच म्हणाला. नगरपरिषद निवडणुकीच्या आरक्षणाची सोडत होऊन महिना झाला, अर्ज भरायला चार दिवस उरले, तरी याचं रडगाणं तेच.

"काचेच्या बरणीतून तिसरीतल्या पोरीनं चिठ्ठी काढली, सगळ्या गावासमोर," प्रोफेसर म्हणाले.

"पोरगी कुणाची ते विचार की!"

प्रभाग सात. 'अ' जागा अनुसूचित जाती, 'ब' सर्वसाधारण महिला. नाना दोन्हींत बसत नाही. नगरपरिषदेवर प्रशासक होता त्या जवळजवळ चार वर्षांत या माणसानं एक दहावा चुकवला नव्हता. प्रभागात कुणाला साधा ताप आला तरी नाना दारात हजर. लोक घाबरायचे. आणि आता हे.

कट्ट्यावर आम्ही नेहमीचे पाच जण. प्रोफेसर राज्यशास्त्राचे, निवृत्त, पण तास अजून संपलेला नाही. पिंट्या, त्याचं फ्लेक्सचं दुकान समोरच. नाना. मी. आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे एकतीस वर्षं ग्रामसेविका होत्या त्या. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. पहिल्या नेमणुकीच्या गावाला बाईमाणसाला काय हाक मारावी ते सुचलं नाही, त्यांनी भाऊसाहेबच म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलं. नवरासुद्धा चिडवताना तेच म्हणतो.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, हिला उभी करतोय. सही तिची, बाकी मी बघणार."

पिंट्या खुदकन हसला आणि मोबाईल पुढं केला. नानाचा फ्लेक्स. दहा बाय आठ. मधोमध नाना, पांढरे कपडे, काळा गॉगल, हात उंचावलेला. वर नेत्यांची रांग. आणि डाव्या कोपऱ्यात, वडापावच्या जाहिरातीत फोन नंबर असतो तेवढ्या जागेत, वहिनी. हात जोडलेल्या. फोटो कुठल्यातरी लग्नातला कापून घेतलेला, कारण खांद्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी शालूचा काठ तसाच राहिलेला.

"उमेदवार कोण आहे यात?" भाऊसाहेबांनी चष्मा वर केला.

"खाली लिहिलंय की. सौ. अर्चना."

"काका, तोच तर घोळ झालाय," पिंट्या म्हणाला. "मतदारयादीत मंगल आहे. दोन फ्लेक्स वाया गेले माझे."

अर्चना हे नानानं लग्नात तांदळात बोट फिरवून ठेवलेलं नाव. यादीत माहेरचं राहिलं. बचत गटातल्या बायका त्यांना मंगलताई म्हणतात. आणि मी, वीस वर्षं त्यांच्या हातचा चहा पितोय, मला दोन्हींपैकी एकही नाव माहीत नव्हतं. आमच्यासाठी त्या वहिनी. मी गप्पच बसलो.

"मशीनवर मंगल येणार," भाऊसाहेब म्हणाल्या. "अर्चनाला मत द्या म्हणून गावभर सांगत फिरा तुम्ही. बायका घरी जाऊन म्हणतील, अर्चना नावाची कुणी उभीच नव्हती."

प्रोफेसरांना संधी मिळाली. 1990 ला आपल्याकडे स्थानिक संस्थांत बायकांना तीस टक्के जागा, मग देशभर एक तृतीयांश जागा देणारी 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती, 1994 चं महिला धोरण, 2011 ला निम्म्या जागा... नानानं मधेच तोडलं.

"धोरण राहू दे. मृणाल गोरेंना कुठं आरक्षण होतं? पाण्यासाठी, महागाईविरुद्ध हंडे-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. 1977 ला त्या खासदार झाल्या, इंदिरा गांधी पडल्या, तेव्हा लोक म्हणायचे, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात! हिंमत असेल ती येते वर."

"नव्हतं आरक्षण," भाऊसाहेब शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच तर एक नाव तुम्हाला पन्नास वर्षं पुरतंय."

पिंट्यानं टाळी मागितली. भाऊसाहेबांनी दिली नाही.

"तुमचा अनुभव सांगा," नाना चिडून म्हणाला. "सरपंच बाई असली की कारभार कोण बघतो? तुमच्याच तोंडानं सांगा."

"नवरा बघतो. मी कुठं नाही म्हणते?" भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "एका गावात सरपंच बाईचा नवरा आख्खं चेकबुक सह्या करून घेऊन आला. तिच्या सह्या. म्हणाला, भाऊसाहेब, तुमचं काम सोपं केलं. चेकवर दुसरी सही ग्रामसेवकाची लागते ना. मी म्हटलं, पहिली सही माझ्यासमोर झाली नाही तर दुसरी होणार नाही. बाईंना घेऊन या. आठवडाभर आला नाही. मग आली बिचारी, डोक्यावरून पदर, दाराशीच उभी. खुर्चीवर बसा म्हटलं तर आधी नवऱ्याकडं बघितलं."

"हेच म्हणतोय मी!"

"पुढं ऐका. वर्षभर ती नुसतीच सही करायची. दुसऱ्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचं बिल आलं. नवरा म्हणाला, कर. तिनं पेन उचललं आणि ठेवलं. म्हणाली, व्हॉल्व्ह बदललाय कुठं? मी रोज पहाटे त्याच नळावर असते, जुनाच आहे, दोरी बांधलेला. ठेकेदार नवऱ्याच्या तोंडाकडं, नवरा माझ्या तोंडाकडं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, भाऊसाहेब, तुम्ही माझी बायको बिघडवली."

आम्ही हसलो. नानासुद्धा हसला, पण जरा उशिरा.

"मग पुढं काय झालं तिचं?" मी विचारलं.

"पाच वर्षांनी आरक्षण बदललं, जागा खुली झाली. पॅनलची बैठक झाली. तिला म्हणाले, तुमचं झालं की आता, भाऊंना संधी द्या. खुल्या जागेवर बाईनं उभं राहू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? पण खुली म्हणजे पुरुषांची, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. पाच वर्षं घालून बाई तयार करायची आणि काम समजायला लागलं की घरी बसवायची."

प्रोफेसर इथं पहिल्यांदाच थोडक्यात बोलले. "विधानसभेत बघा ना. 2019 ला 24 बायका होत्या, 2024 ला 21. 288 मध्ये. संसदेत महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा आलं 1996 ला, कायदा झाला 2023 ला, आणि तो लागू व्हायला आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना. उत्तर प्रदेशाला मागास म्हणतो आपण, तिथं 1963 ला सुचेता कृपलानी मुख्यमंत्री झाल्या. आपल्याकडं एकही नाही."

"पण बायकांसाठी केलं ना सरकारनं!" नाना. "दरमहा पंधराशे!"

"ओवाळणी बहिणीला, तिकीट भावाला," भाऊसाहेब म्हणाल्या.

नानाला उत्तर सुचलं नाही, तेव्हा त्यानं 2016 काढलं. हे ठरलेलंच. त्या वेळी तो अकरा मतांनी पडला होता, आणि प्रोफेसरांच्या घरची चार मतं गेली कुठं, हा प्रश्न त्यानं अजून सोडलेला नाही.

"चार धरली असती तरी सात कमीच पडतात," प्रोफेसर म्हणाले. "आणि माझी शिडी आण आधी. त्याच प्रचाराला नेलीस झेंडे लावायला."

"शिडी मी परत दिली!"

"कुणाला?"

"वहिनींना."

"कुठल्या?" पिंट्यानं विचारलं. "नाव सांगा."

यावर नाना चहाच्या कपातच बघत राहिला.

खरं सांगायचं तर नानाच्या घरात निवडून यायची ताकद एकाच माणसात आहे आणि तो नाना नाही. वहिनी चौदा वर्षं बचत गट चालवतात. कुणाच्या घरात कर्ज किती, कुणाचा नवरा पगार कुठं उडवतो, कुठल्या गल्लीत दिवा बंद आहे, सगळं तोंडपाठ. एक हप्ता बुडालेला नाही. नाना फक्त दहाव्याला जातो, वहिनी त्या घरी तेराव्यानंतरही जातात. हे मी बोलून दाखवलं तर नाना म्हणाला, "तेच म्हणतोय ना, माझ्या घरची पुण्याई."

"पिंट्या," भाऊसाहेब म्हणाल्या, "तिसरा फ्लेक्स कर. मंगलताई मधोमध. नाना कोपऱ्यात. हात जोडलेले. आणि तो शालूचा काठ नानांच्या खांद्यावर टाक."

चहावाल्याच्या पोरानं पैशाचं विचारलं. पाच चहा, दोन क्रीमरोल. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी पर्समधल्या जुन्या पावतीचे तुकडे केले, काहीतरी लिहिलं, घड्या घातल्या आणि रिकाम्या ग्लासात टाकल्या. "सोडत. पारदर्शक. पोरगं आपलं नाही, चहावाल्याचं आहे."

पोरानं हात घातला, चिठ्ठी उघडली आणि अडखळत वाचली, "ना... ना."

नानानं झडप घालून ग्लास ओढला. दुसरी उघडली. नाना. तिसरी. नाना. चौथी, पाचवी.

"मॅनेज होती!" नाना ओरडला.

"तूच म्हणालास ना," प्रोफेसर म्हणाले, "पोरगं कुणाचं ते विचार."

नाना खिसे चाचपायला लागला. मग पिंट्याकडं वळून हळूच म्हणाला, "दे रे जरा. वहिनींकडून घे नंतर."

"कुठल्या?" आम्ही चौघंही एकदमच म्हणालो.