पीयूसी रद्द करा म्हणून आमदारांना फोन करण्याआधी

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर आणि शेवटी मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा. पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी आणि तिचं प्रमाणपत्र, ही सामान्य माणसाची लूट. आताच्या बीएस-६ (धुराच्या सरकारी निकषांचा सध्याचा टप्पा) गाड्या धूर सोडतच नाहीत. खरं प्रदूषण बांधकामाच्या धुळीचं. सेंटरवर तपासणी होत नाही, नुसता कागद मिळतो. सुप्रीम कोर्टानंही सक्ती काढली आहे, तरी ऑगस्ट २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ‘नो पीयूसी, नो फ्युएल’ जाहीर केलं. तेव्हा नगरसेवक, आमदार, खासदार, जो भेटेल त्याला फोन करा आणि ही सक्ती रद्द करायला लावा.

मावशीला मी फोनवर उत्तर दिलं, पण ते पुरं पडलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

कोर्टाचं आधी, कारण ते सरळ चुकीचं आहे. १० ऑगस्ट २०१७ रोजी एम. सी. मेहता खटल्यात सुप्रीम कोर्टानं विमा कंपन्यांना सांगितलं होतं की वैध पीयूसी नसेल तर गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करू नका. पण पीयूसी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून अपघातात सापडलेल्याला भरपाई मिळायची मारामार, अशी अडचण पुढे आली. म्हणून २६ जुलै २०२४ रोजी कोर्टानं ती अट मागे घेतली. सुटली ती विम्याशी मारलेली गाठ. पीयूसी जिथल्या तिथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११५ आजही सांगतो की पहिल्या नोंदणीला एक वर्ष झालं की गाडीकडे वैध प्रमाणपत्र हवं.

आणि हा नियम केंद्राचा आहे, संसदेनं केलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालचा. नगरसेवकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि एकट्या विधानसभेलाही तो पुसून टाकता येत नाही. राज्याच्या हातात आहे ते सेंटरला परवाना देणं, त्याच्यावर नजर ठेवणं आणि तपासणीचे दर ठरवणं. फोन करायचाच असेल तर ही वाटणी ध्यानात ठेवा.

आता बीएस-६. ही गाडी स्वच्छ असते हे खरंच आहे. पण ती कशाच्या जोरावर स्वच्छ असते? पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी घातक करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर, डिझेल गाडीत धुराचे कण अडवणारा फिल्टर, आणि गंधक १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत दहा भागांवर आणलेलं इंधन. यातला एक सेन्सर बिघडला की इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढायला लागतं, आणि ते न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरला तापवून तापवून मारून टाकतं. डिझेलचा फिल्टर चोंदला की नवीन टाकायला जीवावर येतं, म्हणून काही जण तो आतून पोकळ करून घेतात. आरसीवर बीएस-६ तसंच राहतं, बाहेरून गाडीही तशीच दिसते. फरक कळतो तो फक्त सायलेन्सरमध्ये नळी घालून मोजल्यावर. ‘माझ्या गाडीतून धूर दिसत नाही’ याला तर काहीच अर्थ नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

शिवाय नव्या गाडीला सवलत आधीच आहे. पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, नंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना सहा महिन्यांऐवजी वर्षातून एकदाच लागते, आणि इलेक्ट्रिक गाडीला तर लागतच नाही. बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. त्याआधी विकल्या गेलेल्या गाड्या कुठे विरघळून गेल्या नाहीत, त्या आपल्याच सिग्नलला आपल्याच शेजारी उभ्या आहेत.

कंपनीच्या कागदावर विसंबून राहिलं तर काय होतं, हे २०१५ साली जगानं पाहिलं. फोक्सवॅगननं डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर टाकलं होतं की तपासणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती कमी धूर सोडायची. अमेरिकेत ते उघडं पडलं. इथे पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेनं त्या गाड्या रस्त्यावर चालवून मोजल्या तेव्हा आकडे वेगळे निघाले, आणि भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कोणीतरी पुन्हा मोजलं म्हणून हे कळलं.

धुळीबद्दल वाद घालण्यासारखं फार नाही. धूळ आहे, भरपूर आहे, आणि बिल्डरला धरायलाच हवं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेनं बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे लावायची सक्ती केली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तेव्हा बिल्डर म्हणत होते, आम्हालाच का, गाड्यांना बघा. आता गाडीवाले म्हणताहेत, बिल्डरला बघा. फुप्फुसाला दोन्हींचं सारखंच वाटतं. त्यातही गाडीचा धूर आपल्या तोंडापासून हातभर अंतरावर सुटतो.

सगळ्यात वजनदार मुद्दा मेसेजमध्ये चौथा आहे: सेंटरवर तपासणी होतच नाही. हे मी स्वतः भोगलं आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या २००९ च्या स्कूटरची पीयूसी संपली. रस्त्याकडेच्या एका व्हॅनपाशी थांबलो. आतल्या मुलानं नंबरप्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले आणि प्रिंट हातात दिली. इंजिन बंदच होतं. नळी सायलेन्सरच्या जवळसुद्धा गेली नाही. विचारलं तर म्हणाला, “काका, पास आहे की. कशाला टेन्शन घेता?” कागदावर कार्बन मोनॉक्साइड ०.८ टक्के छापलेला. तो आकडा कुठून आला हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मनाला पटेना, म्हणून दुसऱ्या सेंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी आधी इंजिन गरम होऊ दिलं, मग नळी चांगली वीतभर आत सरकवली आणि मला स्क्रीन बघायला बोलावलं. आकडा चढत गेला. २.९. ४.१. ५.२ वर थांबला. माझ्या स्कूटरला मर्यादा ३.५ टक्के. “नापास. एअर फिल्टर कधी बदललात?” मला आठवेना. गल्लीतल्या मेकॅनिकनं झाकण उघडलं तर फिल्टरचा फोम काळा, तेलकट, बोटानं दाबला तर चिकटत होता. त्यानं तो बदलला, कार्बोरेटर साफ करून सेटिंग केलं, चारशे रुपये घेतले. पुन्हा मोजलं तर १.६. पुढच्या महिन्यात लक्षात आलं की लिटरला जेमतेम ३५ देणारी गाडी ४२ द्यायला लागली आहे. म्हणजे तोवर मी जळलेलंच नव्हे तर न जळलेलं पेट्रोलही विकत घेत होतो, आणि ते सिग्नलला माझ्या मागे थांबलेल्यांच्या नाकात सोडत होतो. मला पत्ताही नव्हता.

हा फक्त माझा अनुभव नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालात एक लाखाहून अधिक गाड्या अशा निघाल्या की त्यांचं मोजमाप मर्यादेच्या वर होतं, तरी त्यांना प्रमाणपत्र दिलं गेलं होतं. रोग खरा आहे. आणखी एक कमतरता मेसेजमध्ये नाही, ती मी सांगतो: पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत, पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण मोजत नाहीत. पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलला धुराचा दाटपणा, एवढ्यावरच काम भागवलं जातं.

पण यातून ‘तपासणीच नको’ कसं निघतं? डेअरीत दुधातली भेसळ तपासणाऱ्या लॅक्टोमीटरशी कोणी खेळ केला तर आपण खेळ करणाऱ्याला धरा म्हणतो, लॅक्टोमीटर फेकून द्या म्हणत नाही. ज्या दिवशी मला खोटा कागद मिळाला त्याच दिवशी दुसऱ्या सेंटरवर खरं मोजमापही मिळालं. दोघांत फरक होता तो फक्त काम करण्याचा. सक्ती उठली तर त्या व्हॅनवाल्याचं दुकान बंद होईल, हे खरं. पण त्या बाईंचंही होईल, आणि ५.२ वाली स्कूटर कोणालाच सापडणार नाही.

लाल दिव्याच्या गाड्या आणि एसटी काळा धूर ओकतात, त्यांना कोण विचारतं, असंही एका ग्रुपवर कोणी खाली लिहिलं होतं. नियम ११५ मध्ये सरकारी गाडीला सूट नाही. विचारायचं असेल तर पीयूसी हाच आपल्या हातातला एकमेव पुरावा आहे, आणि तोच सोडून द्या असं हा मेसेज सांगतो.

राहिली लूट. महाराष्ट्रात २०२२ पासून दर असे आहेत: दुचाकी ५० रुपये, पेट्रोल किंवा सीएनजी चारचाकी १२५, डिझेल १५०. दंडाच्या बाबतीत मात्र मी मेसेजवाल्यांच्या बाजूनं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९० (२) खाली १० हजारांपर्यंत दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. ज्याची गाडी खरोखर धूर सोडते आणि ज्याची फक्त तारीख चार दिवसांनी उलटली आहे, त्या दोघांना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं आहे. रिक्षावाल्याची त्यात आठवड्याची कमाई जाईल. पण तोच रिक्षावाला दिवसाचे दहा-बारा तास त्याच धुरात बसलेला असतो, आणि चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदाराला तर काच वर करण्याचीही सोय नाही. त्यांच्या वतीनं कोणी मेसेज फिरवत नाही.

तेव्हा फोन जरूर करा. खासदारांना सांगा की मुदत संपलेल्या कागदाचा आणि धूर सोडणाऱ्या गाडीचा दंड वेगळा करा, आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजायची सोय नियमात आणा. आमदारांना विचारा की तुमच्या मतदारसंघात किती सेंटर आहेत, त्यांची यंत्रं शेवटची कधी तपासली गेली, आणि गेल्या वर्षभरात बोगस कागद देणाऱ्या किती जणांचे परवाने रद्द झाले. उत्तर लेखी मागा, आणि आलं की त्याच ग्रुपवर टाका.